तिसरीची इर्जिक

मे महिन्यात, म्हणजे इथल्या डोंगरात हिवाळा तोंडावर आला की, तिसरीला मी वजन शिकवते. काठीच्या दोन टोकांना दोन रिकामे डबे बांधायचे, काठीच्या मध्यावर दोरी बांधायची, की तराजू तयार होतो. एका डब्यात दगड, दुसऱ्यात ज्वारीची कणसं. याच दिवसांत झाडाचे भाग असतात, पाव आणि अर्धा असतो, आणि 'पानगळीत गावातली कामं' हा धडा असतो. धड्याच्या चित्रातली माणसं फार स्वच्छ आहेत. त्या वर्षी मी वर्गाला कणसं आणायला सांगितली, तेव्हा सगळ्यांत जास्त न्थोफेलानं आणली. गावात बहुतेकांची ज्वारी घरी आली होती. तिच्या घरची अजून उभी होती.

मी तिच्याच घरी राहते. म्हणजे त्यांच्या अंगणात दोन गोल झोपड्या आहेत, त्यातली लहान शाळेनं माझ्यासाठी घेतलेली आहे. मोठीत न्थोफेला आणि तिची आई मालेफा. वडील सीमेपलीकडे सफरचंदाच्या बागेत तोडणीला गेलेले, जूनमध्ये येतात. मालेफाचं पहिलं मूल लेफा. ते पहिल्याच हिवाळ्यात गेलं, पण आईचं नाव त्याच्यावरून पडलं ते तसंच राहिलं. नंतर ही झाली. हिच्यावर कोणाची नजर जाऊ नये म्हणून नाव ठेवलं न्थोफेला, म्हणजे 'आहे आपलं काहीतरी'.

एप्रिलच्या शेवटी मालेफा झऱ्यावरून पाणी आणताना घसरली आणि गळ्याखालचं हाड मोडून बसली. दवाखान्यात डावा हात छातीशी बांधून दिला आणि हिवाळाभर हलवू नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून शाळा सुटली की मायलेकी ओढ्याकडच्या शेतात जात. मालेफा उजव्या हातानं ताट खाली वाकवायची, न्थोफेला चाकूनं कणीस कापायची. ताट सोडलं की ते झपकन वर जायचं आणि दोघींच्या तोंडावर भुसा उडायचा. मीही कधी कधी जायचे. एक ओळ संपायच्या आत सूर्य डोंगराआड जायचा आणि बोटं वळेनाशी व्हायची.

"म्मे," न्थोफेला आईला म्हणायची, "ही पाखरांनी खाल्लीत."

"खालचे दाणे आहेत ना? मग घे."

"ह्यात फक्त पाच आहेत."

"तर पाच घे. आणि मोजत बसू नकोस, ते शाळेत कर."

परतताना मालेफाच्या खांद्यावरची घोंगडी घसरायची. ती अडकवायची मोठी पिन एका हातानं लावता येत नाही. एकदा नळावर, रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर, म्मे मासेनातेनं पुढं होऊन ती पिन लावून दिली. मासेनाते शेजारीण; इथं कुठल्याही मोठ्या बाईला म्मे, म्हणजे आईच म्हणतात. तिच्या हातची ज्वारीची बिअर प्यायला खालच्या गावातून माणसं येतात, आणि तिचं बोलणंही तसंच, जरा जास्त आंबलेलं.

"नवरा तिकडं सफरचंदं तोडतोय," ती म्हणाली, "आणि इथं बायकोला पिन लावायला माणूस नाही."

बायका हसल्या. मालेफाही हसली, सगळ्यांच्या थोडं नंतर. घरी आल्यावर तिनं ती पिन काढली, घोंगडीला दातांनी गाठ मारली आणि पुन्हा पिन लावली नाही.

त्या वर्षी डोंगरावर बर्फ लवकर पडलं. वरच्या कुरणातली जनावरं दोन-तीन आठवडे आधीच खाली आली. गावात चारा नाही, दावणीला हाडं दिसायला लागली. सोमवारी संध्याकाळी गावच्या मोरेनाचा, म्हणजे मुखियाचा माणूस टेकाडावर उभा राहून ओरडला, की पुढच्या सोमवारी सकाळी शेतं मोकळी. आमच्याकडे एकदा शेतं मोकळी झाली की ती कोणाची राहत नाहीत. सगळ्या गावाची गुरं सगळ्या शेतांत शिरतात, आणि ज्याचं पीक उभं असेल त्यानं तक्रार करायची नसते. त्याला वेळ दिलेली असते.

मालेफा चुलीसमोर बसली होती. ऐकून तिनं फक्त एक लाकूड आत सरकवलं.

"इर्जिक बोलवा," मी म्हटलं. "सगळे मिळून एका दिवसात खुडतील."

"कशावर?" ती म्हणाली. "माणसं बोलवायची तर बिअर पाहिजे. बिअरला ज्वारी पाहिजे. ज्वारी कुठंय?"

"शेतात."

"मग झालं तर."

"बिअर नसली तरी येतील लोक."

"येतील. येतील आणि कोरड्या घशानं घरी जातील, आणि मी दर वेळी नळावर उभी राहिले की त्यांना आठवेल." तिनं हात झोळीसारख्या त्या पट्टीतून जरा वर उचलला, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवला. "तुम्ही खालच्या मुलखातल्या. तुमच्याकडे चालत असेल."

न्थोफेला कोपऱ्यात चाकू दगडावर घासत होती. ती बोलत नाहीच फारसं.

बुधवारी वर्गात पानगळीचा धडा होता. तो वाचून दाखवला की मुलं झोपतात, म्हणून मी त्यांना इर्जिक करून दाखवायला सांगते. एकानं मालक व्हायचं, बाकावर बाकावर जाऊन बोलावणं करायचं. काम कोणतं, शेत कुठलं, दिवस कोणता, अवजार काय आणायचं, चारही गोष्टी सांगायच्या. बाकीच्यांनी उभं राहून 'येतो' म्हणायचं.

"मालक कोण होणार?"

न्थोफेलाचा हात वर गेला. वर्षभरात तो बहुधा पहिल्यांदाच गेला होता.

ती पहिल्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे. "आमच्याकडे शनिवारी ज्वारी खुडायची आहे. ओढ्याकडचं शेत. चाकू आपापला आणायचा. ऊन वर आलं की या."

"येतो," पहिलं बाक म्हणालं.

दुसऱ्या बाकावर त्सेको बसतो. वर्गातला सगळ्यांत जाडा आणि सगळ्यांत मोकळा मुलगा. तो उभा राहिला नाही. "बिअर आहे का?"

वर्ग हसला.

"आहे," न्थोफेला म्हणाली.

"किती?"

"तुझं पोट भरेल एवढी. म्हणजे पुष्कळ."

आता वर्ग आणखी जोरात हसला, आणि त्सेको उठून म्हणाला, "येतो." ती शेवटच्या बाकापर्यंत गेली. कोणालाही सोडलं नाही. चारही गोष्टी तिनं प्रत्येक वेळी त्याच क्रमानं सांगितल्या. मी तिला शाबासकी दिली आणि फळ्यावर कणसाचं चित्र काढायला वळले.

गुरुवारी आम्ही चहा पीत होतो तेव्हा मासेनाते अंगणात आली. डोक्यावर मातीचं मोठं भांडं. तिनं ते उतरवून भिंतीशी ठेवलं.

"मालेफा, इर्जिक बोलावलीस आणि भांडं मागायला आली नाहीस. शनिवारी काय ओंजळीतून पाजणार आहेस?"

मालेफाला काही कळलं नाही. "कसली इर्जिक?"

"आता माझ्याशी पण लपवाछपवी. माझी केनेउवे काल शाळेतून आली ती सांगत, शनिवारी ओढ्याकडं, चाकू आपापला. त्सेकोच्या आजोबांनी तर दुसरीकडचं काम रद्द केलं म्हणे." ती बसली नाही. "घे हे. फुटलं तर तुझं नाव सांगीन." आणि गेली.

मालेफानं कप खाली ठेवला. न्थोफेलाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी सांगितलं, बुधवारी काय झालं ते. सगळं, जसं झालं तसं.

"ते नाटक होतं," मालेफा मुलीला म्हणाली.

"हो."

"मग केनेउवेला खरं का वाटलं?"

न्थोफेला पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "मधल्या सुट्टीत तिनं विचारलं. खरं का म्हणून."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, दिवस खरा आहे. शेत पण खरं आहे."

"आणि बिअर?"

"बिअरचं तिनं नाही विचारलं."

मालेफाला राग आला होता, पण तो कुठं ठेवायचा हे तिला कळत नव्हतं. ती उठली, ते भांडं एका हातानं आत न्यायला गेली, ते उचलता येईना, आणि तसंच भिंतीशी राहू दिलं. रात्रीचं जेवण झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या मी घरोघर जाते. तुम्ही बरोबर या मॅडम. शाळेचं काम होतं म्हणून सांगा. तुमचं ऐकतील."

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस असते. दुपारी आम्ही निघालो. घोंगडी पुन्हा पुन्हा घसरत होती, आणि ती वाटेत पुटपुटत होती: "लहान पोर आहे, तिचं मनावर घेऊ नका. लहान पोर आहे, मनावर घेऊ नका." पहिलं घर न्ताते मोखेलेंचं, त्सेकोच्या आजोबांचं; न्ताते म्हणजे बाबा, वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. दोन गाढवं, एक नातू आणि तिखट जीभ, एवढा त्यांचा संसार. ते उन्हात दगडावर बसून चाकूला धार लावत होते. बाजूला आणखी दोन चाकू धार लावून ठेवलेले.

"बसा," ते म्हणाले. "मॅडमना ती पेटी द्या. आमच्याकडं खुर्ची होती, तिच्यावर त्सेको बसला."

"न्ताते, एक सांगायचं होतं," मालेफा म्हणाली.

"सांग. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

"ती उद्याची इर्जिक. ते वर्गातलं नाटक होतं. पोरांनी खरं धरलं."

चाकू दगडावरून पुढं गेला, मागं आला. "नाटक."

"मॅडमनी शिकवलं होतं."

मी मान हलवली.

"चांगलं शिकवता," ते मला म्हणाले. "आमच्या ह्याला पाढे येत नाहीत, पण ज्वारीला कोणता चाकू न्यायचा ते बरोबर सांगतो."

"न्ताते, बिअर नाही," मालेफा म्हणाली. पाठ केलेलं ती विसरली होती. "घरात मूठभर ज्वारी नाही. मी कोणाला बोलावलं नाही, कारण मला बोलावता येत नाही."

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"मला तरी कुठं कोणी बोलावलंय?" ते म्हणाले. "तुझ्या पोरीनं कोणाला बोलावलं? त्सेकोला. तो येतो म्हणालाय. आता त्याला नको जाऊ म्हणणारा मी कोण? उद्या तो माझं ऐकायचा बंद होईल. तसाही ऐकत नाही."

"पण बिअर-"

"बिअर? तिसरीतल्या पोराला? मालेफा, माझ्या नातवाला बिअर पाजलीस तर तुला मोरेनाच्या चावडीवर उभी करीन." त्यांनी दुसरा चाकू घेतला. "पोरं काय पितात ते दे. आणि आता जा, मला उजेड कमी दिसतो, तुम्ही दोघी उन्हात उभ्या आहात."

आम्ही दुसऱ्या घरी गेलोच नाही. फाट्यावर मालेफा थांबली. "पोरं आंबील पितात," ती म्हणाली. आणि वळून इतक्या झपाझप चालायला लागली की मला जवळजवळ पळावं लागलं.

मक्याचं पीठ डब्याच्या तळाशी होतं. तिनं डबा उलटा करून तळावर थाप मारली, मग आत हात घालून कडा खरवडल्या. मी माझ्या झोपडीतून पीठ आणून ठेवलं. तिनं ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

"तुमचं पीठ घातलं तर ती तुमची इर्जिक होईल."

"मूठभर गव्हाचं तरी घ्या. विरजणाला."

तिनं विचार केला. "विरजण म्हणजे पीठ नव्हे," ती म्हणाली, आणि मूठ पुढं केली.

पातळ पेज शिजवून मासेनातेच्या भांड्यात ओतली. ती कोमट झाल्यावर गव्हाचं पीठ कालवलं. आंबील उबेत एका दिवसात आंबते. पण त्या आठवड्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा येत होता. तेलाची शेगडी फक्त माझ्याकडे, म्हणून भांडं माझ्या झोपडीत आलं. मालेफानं आपली घोंगडी सोडून त्याच्याभोवती गुंडाळली. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मला कोण पिणार आहे?" ती म्हणाली. न्थोफेला येऊन भांड्याला कान लावून बसली.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"थांब. थोडा वेळ लागतो त्याला."

शनिवारी सकाळी ती माझ्याआधी उठली होती. मला जाग आली तेव्हा तिचा कान पुन्हा भांड्याला होता. "मॅडम, बोलायला लागलंय," ती म्हणाली. झाकण काढलं तर वर बारीक फेस होता, आणि झोपडीभर आंबट वास. मालेफा दारात आली, बोट बुडवून चाटलं. अजून कच्ची होती. तिनं भांडं पुन्हा झाकलं आणि आकाशाकडे बघितलं, ऊन किती कडक पडेल ते.

शेतात ताटांवर दंव पांढरं पडलं होतं. आम्ही तिघी बांधावर उभ्या राहिलो. ऊन वर आलं, दंव विरघळून थेंब झाले, तरी वाटेवर कोणी दिसेना. न्थोफेला आईकडे बघत नव्हती. मालेफानं एका हातानं ताट वाकवलं. "चल," ती म्हणाली. "रोजच्यासारखं."

तेवढ्यात त्सेको आला. चाकू फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला, जणू जिवंत आहे. त्याच्या मागं तिसरीचा वर्ग, ओळीत, मी शाळेत चालवते तसा. आणि वर्गाच्या मागं न्ताते मोखेले, दोन्ही गाढवांवर रिकामी पोती.

"मी कामाला आलेलो नाही," ते लांबूनच म्हणाले. "ह्या पोराच्या हातात चाकू आहे. मागं कोणीतरी पाहिजे."

त्यांच्याही हातात चाकू होता.

मग मासेनाते आली. "माझी केनेउवे डावखुरी आहे. म्हटलं लक्ष ठेवावं." तिच्या कमरेला विळा. मग आणखी आया आल्या, दोन बाप आले, एक थोरला भाऊ. प्रत्येकाचं मूल फार अवखळ होतं, प्रत्येकाला फक्त नजर ठेवायची होती. शेवटी खालच्या अंगाला राहणारा एक तरुण गवंडी आला. त्याचा मुलगा अजून दुसरीत आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तू कोणावर लक्ष ठेवणार?" मासेनातेनं विचारलं.

"माझा पुढच्या वर्षी तिसरीत जाईल," तो म्हणाला. "आत्ताच बघून ठेवतो, काय काय शिकवतात."

मालेफानं तोंड ओढ्याकडे फिरवलं आणि तशीच उभी राहिली. मासेनाते तिच्या मागं गेली, आपल्या घोंगडीची पिन काढून तिनं घोंगडीऐवजी पांघरलेल्या शालीला लावली, आणि या वेळी काही बोलली नाही.

न्थोफेला मात्र ओळी वाटत होती. तिनं वर्गात केलं तसंच, प्रत्येकापाशी जाऊन. "न्ताते, तुमची ही ओळ. म्मे मासेनाते, तुम्ही तिकडून." मोखेले म्हणाले, "उन्हाकडची दे, माझी पाठ दुखते." "उन्हाकडची लहान मुलांना आहे," ती म्हणाली. ते मुकाट सावलीतल्या ओळीत गेले.

मोठी माणसं ताटं वाकवत होती, मुलं कापत होती. थोड्या वेळानं मोठ्यांना ते फार सावकाश वाटायला लागलं आणि ती स्वतःच कापायला लागली, मुलं कणसं वेचायला. मासेनातेनं गाणं धरलं, बाकीच्यांनी ओढलं. मालेफाला एक काम करता येत होतं: पोत्याचं तोंड उजव्या हातानं आणि दातांनी उघडं धरायचं. ती एका पोत्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली. गाढवं खळ्यावर जाऊन रिकामी परत येत होती. दुपार कलली तेव्हा शेतात नुसती ताटं उभी होती, शेंड्याविना, आणि पाखरं गोंधळून त्यांच्यावरून फिरत होती.

भांडं बांधाच्या उन्हात ठेवलं होतं. मालेफाला ते उचलता येईना, म्हणून मोखेलेंनी कलतं धरलं. तिनं डबडं बुडवून भरलं. आमच्याकडे ज्यानं बोलावलं त्यानं आधी प्यायचं असतं, म्हणजे पाहुण्यांना भरवसा वाटतो. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं डबडं ओठांपर्यंत नेलं आणि खाली घेतलं.

"मालक कुठंय?" ती म्हणाली.

न्थोफेला मुलांच्या मागं होती. ती पुढं आली. दोन्ही हातांनी डबडं धरून प्यायली, थांबली, गिळलं.

"आंबली?" त्सेकोनं विचारलं.

"आंबली."

मग वर्ग तुटून पडला. मोठ्यांपैकी कोणी हात पुढं केला नाही. "आम्हाला कशाला?" मोखेले म्हणाले. "आम्ही काम केलेलं नाही." मासेनातेनं तळाशी राहिलेलं पळीनं खरवडून तोंडात टाकलं. "मी पीत नाहीये," ती म्हणाली. "भांडं माझं आहे. नीट रिकामं झालं का बघतेय."

सोमवारी पहिल्या तासाला घंटांचा आवाज आला. गावाची सगळी गुरं शाळेवरून ओढ्याकडे निघाली होती. वर्गातली डोकी खिडकीकडे वळली. काठीचा तराजू एका बाजूला कलला आणि कोणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून मी तो तसाच राहू दिला.

शाळा सुटल्यावर मायलेकी आपल्या बांधावर उभ्या दिसल्या. मीही जाऊन उभी राहिले. गुरं ताटं मोडून खात होती. त्यात न्ताते मोखेलेंची गाढवंही होती.

"म्मे," न्थोफेला म्हणाली, "आता मला सगळ्यांच्या शेतावर जावं लागेल?"

"लागेल. बोलावलंस ना?"

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. ते बोलावतील तेव्हा."

तिनं थोडा विचार केला. "त्सेकोकडं पण?"

"त्यानं तुझी खुडली ना?"

"त्यानं निम्मी खाली पाडली."

मालेफानं चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि ते गुरांकडे वळवलं.

"मग तूही निम्मी पाड," ती म्हणाली. "पण जा."